बर्था मिरांडाची गढूळ बियर

बर्था मिरांडाला एखादी गोष्ट होणार नाही असं सांगू नये. सांगायचीच असेल तर आधी पायात चपला घालाव्यात, दार उघडं ठेवावं आणि मग सांगावी. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली बाई. पलीकडे कितीही मोठा साहेब असला तरी त्याला 'होल्ड करा' म्हणून लटकवून ठेवायची सवय तिच्या हाडात मुरली होती. नवरा गेला तेव्हा तिची शॅरन अकरा वर्षांची होती. मरोळच्या गावठाणातलं ते कौलारू घर एकट्या बाईला सांभाळणं होणार नाही, बिल्डरला देऊन मोकळी हो, असं तिला निदान वीस जणांनी सांगितलं. कौलं अजून जागेवर आहेत. बिल्डर मात्र दोन बदलले.

तर अशा या बाईला तिच्या साठाव्या वाढदिवशी, अंधेरीतल्या एका चकचकीत पबमध्ये, एका दाढीवाल्या पोराने सांगितलं, "आंटी, हे घरी नाही होत."

पबमध्ये तिला शॅरन घेऊन गेली होती. बरोबर शॅरनचा होणारा नवरा, प्रबुद्ध ढवळे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, घाटकोपरचा, बोलायला कमी आणि हसायला तयार. त्याने स्वतःसाठी लिंबूसोडा मागवला आणि सासूबाईंसाठी त्या पबची नावाजलेली 'संडे मिस्ट' नावाची बियर. ग्लास आला तो बघून बर्था म्हणाली, "ही नासलीय. परत पाठव." बियर कशी, आरपार दिसली पाहिजे. ही मोसंबीच्या रसासारखी गढूळ, पिवळीधमक, पलीकडचं बोट दिसेना. शॅरनने आग्रह केला म्हणून तिने एक घोट घेतला. दुसरा घेतला. आधी मोसंबी लागली, मग पिकलेला आंबा, मग अननस, आणि गिळल्यावर घशाशी कडूपणाची एक बारीक रेघ.

"यात फळं कुठली घातलीत?" तिने बियर बनवणाऱ्या त्या दाढीवाल्याला बोलावूनच घेतलं.

"एक पण नाही, आंटी. सगळी हॉप्सची कमाल. वेलीची फुलं असतात ती. ही हेझी आयपीए, मुद्दाम गढूळ ठेवलेल्या जातीची बियर." त्याने काचेमागच्या स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या. "टेंपरेचर लागतं, मशीन लागतं. आंटी, हे घरी नाही होत."

राग आला की बर्था आधी जेवते. तिने समोरचं सगळं शांतपणे जेवून घेतलं. खरं तर तो राग तिथेच जिरलाही असता. तो जिरू दिला नाही तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने.

अर्बन तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. गावठाणात कुणाच्याही घरी लग्न असलं की खिमाड अर्बनचं, हे ठरलेलं. खिमाड म्हणजे देशी दारूत दालचिनी, लवंग, वेलची आणि करपवलेली साखर घालून उकळलेलं पेय. छोट्या पेल्यांतून गरमागरम द्यायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बँड लावून सगळ्यांनी विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरी आणायचं. निघण्याआधी प्रत्येकाच्या घशाखाली खिमाड गेलंच पाहिजे. नाव अर्बनचं होतं. मसाला भाजायची, साखर करपवायची आणि शेवटी तो काळाकुट्ट टोप घासायची त्याची बायको एव्हलिन. चाळीस वर्षं. तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "त्यांनाच विचारा, मला काय ठाऊक."

ऑक्टोबरमध्ये बर्था भावाकडे गेली.

"अर्बन, चोवीस जानेवारीला शॅरनचं पाणी आहे. खिमाड किती करशील?"

अर्बनने वर्तमानपत्र खाली केलं नाही. "नाही करणार."

"म्हणजे?"

"त्यांच्यात पीत नाहीत ना? पंचशील का काय असतं. मी कशाला त्यांचा धर्म बाटवू?"

"ते नाही पिणार. गावठाण पिणार."

"गावठाणाला बरं नाही वाटत, बर्था." आता वर्तमानपत्र खाली आलं. "पोरगा चांगला आहे, नोकरी चांगली आहे, मी नाही म्हणतच नाही. पण शेवटी... तुला कळतं."

स्वयंपाकघराच्या दारात एव्हलिन चहाचे कप घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली.

बर्थाला कळत होतं. हे 'तुला कळतं' फार जुनं आहे. शब्द तोंडातून काढायचा नाही, अर्थ मात्र बरोबर पत्त्यावर पोचवायचा. रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकायचे, सगळी देवाची लेकरं म्हणून गायचं, आणि सोयरीक आली की परभणीकडच्या माणसाची जात उकरत बसायचं. प्रबुद्धचे वडील खंडू ढवळे तरुणपणी परभणीहून आले, गोदीत राबले आणि मुलगा इंजिनियर झालेला बघून गेले. असल्या माणसाचं पोर घरात येतंय म्हणून कुणाला बरं वाटत नसेल, तर त्याने औषध घ्यावं. मी तर असंच म्हणेन. बर्था याहून वाईट म्हणाली. ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटी ती म्हणाली, "ठेव तुझं खिमाड. माझ्या पोरीच्या पाण्याला मी असं काही देईन की तुझा टोप लाजेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. अर्ध्या गल्लीत आल्यावर तिच्या लक्षात आलं की द्यायला आपल्याकडे काहीच नाही. खिमाड तिला येत नव्हतं, आणि येत असतं तरी भावाच्या पंगतीतलं उष्टं तिला नको होतं. बाजारातून खोके आणून ठेवणं सोपं होतं. पण पैसे टाकून आणलेल्या बाटल्यांनी कुणाचं तोंड बंद होत नाही. खिमाड नाही याचा अर्थ गावठाणात पोराटोरांनाही समजतो: घरच्या मोठ्याची संमती नाही. मग कुणाचं डोकं दुखतं, कुणाचा गुडघा धरतो, आणि नवरी पाचसहा माणसांत विहिरीवर जाऊन येते. शॅरन तशी जाणार नाही, एवढं बर्थाने ठरवलं होतं. घरातून काहीतरी निघालं पाहिजे, घरच्या हाताचं, आणि असं की नाही म्हणता येऊ नये. तेव्हा तिला ती गढूळ पिवळी बियर आठवली. आणि तो दाढीवाला.

घरी असलं काही बनवायला सरकारची परवानगी लागते हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नाताळच्या वाइनलाही लागते. गावठाणात ती आजवर कुणी घेतली होती म्हणे?

शॅरनच्या लॅपटॉपवर बर्थाने महिनाभर अभ्यास केला. घरी बियर बनवणाऱ्यांचा एक गट होता, त्यात ती दिवसाला चार प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर भांडायची. बेंगळुरूहून कुरियरने माल आला: जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गहू, यीस्टची पाकिटं, आणि हॉप्स. बियर गढूळ आणि जिभेवर मऊ लागते ती ओट्समुळे, हे कळल्यावर ते तिने कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच आणले. हॉप्सचं पाकीट फोडलं तर आत बारीक हिरव्या गोळ्या. वास असा की शॅरन बाहेरच्या खोलीतून आली आणि म्हणाली, "आंबा कोणी कापला?"

माल्ट, गहू आणि ओट्स गरम पाण्यात घालून तिने टोप दोन गोधड्यांत गुंडाळून तासभर ठेवला. मग मलमलीतून गाळून तो गोड काढा उकळला. हॉप्स गॅस बंद केल्यावर घातले. उकळत राहिले तर कडूपणा वाढतो आणि वास उडून जातो, कोथिंबीर शेवटी घालतात तसंच. काढा निवल्यावर यीस्ट घातलं. मुंबईच्या हवेत ते भडकतं म्हणून नवऱ्याच्या वेळचा जुना फ्रीज काढला. प्रबुद्धने त्याला बाहेरून तापमानाचा काटा जोडून दिला. तो रविवारभर फ्रीजमागे आडवा पडून वायरी लावत होता. बर्थाने त्याला जेवायला चारदा हाक मारली.

"मम्मी, एकोणीसवर लॉक केलाय. आता काटा हलणार नाही," तो शेवटी उठून म्हणाला. तिला मम्मी म्हणायची त्याची ती पहिली वेळ. बर्थाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या ताटात आणखी एक सुरमई टाकली.

बारा दिवसांनी बियर बाटल्यांत भरायची वेळ आली, आणि इथे तिने अशी चूक केली जी फक्त आमच्या गावठाणातली बाईच करू शकते.

आमच्याकडे मे महिन्यात बाटली मसाला करतात. मिरच्या उन्हात वाळवायच्या, वीसपंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे, हवेला जागा ठेवायची नाही. वर्षभर टिकतो. बर्थाच्या माळ्यावर सासूच्या वेळेपासूनच्या चाळीस रिकाम्या बाटल्या होत्या. बियरच्याच बाटल्या, बियरसाठी. यात चुकण्यासारखं काय होतं? तिने त्या सोडा घालून, कढत पाण्याने, तीन तीनदा धुतल्या. प्रत्येकीला नाक लावून वास घेतला. काही वास येईना. येणार कुठून? ज्या घरात चाळीस वर्षं तो मसाला राहतो, त्या घरातल्या नाकाला तो येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रबुद्धची आई, सुंदराबाई, लग्नाचं बोलायला पहिल्यांदा मरोळला आली. महापालिकेच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून निवृत्त झालेली, बारीक चणीची, पांढरीशुभ्र साडी नेसलेली बाई. बर्थाने मोठ्या दिमाखात पहिली बाटली उघडली. शॅरनने घोट घेतला आणि तिला ठसका लागला.

"मम्मी, ही बियर नाही. हा मटणाचा रस्सा आहे."

बर्थाने चाखून बघितली. आधी लवंग, मग मिरची, मग धणे. मोसंबी नाही, आंबा नाही. रंगही उतरून भिजवलेल्या चिंचेसारखा झालेला. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांना मसाला. शेजारी ऐकत असतातच, संध्याकाळपर्यंत अर्बन नाक्यावर सांगत होता, "बर्थाने बियरची आमटी केली. आता भात तेवढा लावा."

ती ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. साठ वर्षांची बाई, रडायचं नाही म्हणून नळ सोडून उगाच हात धूत होती.

"विहीणबाई," मागून सुंदराबाई म्हणाली, "मी यातल्या थेंबालाही शिवणार नाही. पाचवं शील आहे, ते मी पाळते. पण बाटली जरा बघू." तिने रिकामी बाटली घेतली, उजेडाकडे धरली, करंगळी मानेत घालून फिरवली आणि करंगळी बर्थासमोर धरली. बोटाला पिवळट तेल. "हे असं धुतात होय? आमच्या थिएटरात मी असं धुतलं असतं तर मोठ्या सिस्टरने मला खिडकीतून फेकलं असतं. या बाटल्या मसाल्यालाच राहू द्या. नव्या आणा. धुवायला मी येते."

"तुम्ही कशाला? तुम्हाला तर पिणंच पसंत नाही."

"नाहीच. आमच्या हॉलवर एक बाटली दिसता कामा नये, ते वेगळं. पण तुमच्या घरी तुम्ही एवढा जीव का काढताय, ते सांगा आधी."

बर्थाने आधी आढेवेढे घेतले. मग सगळं सांगितलं. अर्बन, खिमाड, 'तुला कळतं', सगळं. सांगताना तिचीच मान खाली गेली.

सुंदराबाईने हातातली बाटली खाली ठेवली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या मी. शुद्धीत असले की विचारायचे, सिस्टर, तुम्ही कुठल्या? आडनाव काय? आणि भूल उतरताना माझाच हात घट्ट धरायचे. यात मला नवीन काय आहे?" तिने पदर खोचला. "कराच तुम्ही ती बियर. पण चांगली करा. पुन्हा बिघडली तर ते हसतील, आणि माझ्या सुनेला कुणी हसलेलं मला चालणार नाही."

प्रबुद्धने चारकोपच्या एका कारखान्यातून कोऱ्या बाटल्या आणि पत्र्याची झाकणं आणली. आता प्रश्न रंगाचा होता. मसाल्याची चव बाटलीमुळे आली हे कबूल; पण पिवळीधमक बियर तपकिरी का झाली? गटातल्या लोकांनी एका शब्दात उत्तर दिलं: हवा. या जातीच्या बियरला हवा लागली की आधी वास मरतो, मग रंग. बर्थाने कपाळावर हात मारला. मसाल्याला हवा लागू देऊ नये, हे तिच्या आईने तिला सातव्या वर्षी काठी हातात देऊन शिकवलं होतं. मिरचीला जे कळतं ते बियरला का नाही कळणार? पहिल्या खेपेला तिने बाटल्या सरबतासारख्या वरून ओतून, खांद्यापर्यंत भरल्या होत्या. या वेळी नळी तळाला टेकवून, हलू न देता, पार गळ्यापर्यंत भरायच्या. फेस वर येऊन तोंडाशी आला की त्या फेसावरच झाकण ठोकायचं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लोक आदल्या दिवशीचं उरलंसुरलं गरम करत होते तेव्हा, बर्थाने दोन टोप चढवले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाटल्या भरल्या. सुंदराबाई घाटकोपरहून दोन दिवस येत होती. तिने बाटल्या उकळल्या, उलट्या केल्या, प्रत्येक बाटलीला नाक लावलं. तिचं नाक त्या घरातलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर भरवसा होता. बर्थाने भरायचं, सुंदराबाईने झाकणाचं यंत्र दाबायचं. शेवटची बाटली झाल्यावर बर्थाने मोजल्या. साठ.

"आता पंधरा दिवस हात लावायचा नाही," बर्था म्हणाली.

"मी तर जन्मभर नाही लावणार," सुंदराबाई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

चोवीस जानेवारी. दुपारी चारला पाणी निघायचं होतं. दारात मांडव, मांडवात साठ खुर्च्या, कोपऱ्यात पाच जणांचा बँड. घाटकोपरची वीसेक माणसं वेळेवर आली आणि कोकम सरबत घेऊन जरा अवघडून एका बाजूला बसली. गावठाणाच्या बाजूला सव्वाचारला माणसं होती सहा. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांना घरी कुणी सांगितलंच नव्हतं की जायचं नाहीये.

शॅरन लाल साडीत, केसांत फुलं माळून दारात उभी होती. तिने रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि मग बघणं बंद केलं. "मम्मी, चल ना. आहोत तेवढे जाऊन येऊ."

"होल्ड कर," बर्था म्हणाली.

बर्फाच्या टबातून तिने पहिली बाटली काढली. झाकण उडालं, तसा वास सुटला. मोसंबी, आंबा, अननस, सगळा एकदम. ग्लासात ओतली तर पिवळीधमक, गढूळ, वर पांढऱ्या फेसाचा जाड थर. तिने चाखली नाही. चाखायची हिंमत झाली नाही तिला, खरं सांगायचं तर. ग्लास तिने बँडच्या क्लॅरिनेटवाल्याच्या हातात दिला. तो या भानगडीत कुणाच्याच बाजूचा नव्हता. त्याने अर्धा ग्लास एका दमात संपवला, ओठावरचा फेस पुसला, उरलेल्या बियरकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, ही काय चीज आहे?" मग उरलेला अर्धा संपवून त्याने क्लॅरिनेट असं उचललं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली.

ते ऐकून समोरच्या घरातून काशीराम गवंडी आला. गावठाणातला नव्हता, भाडेकरू होता, त्यामुळे त्याला कुणाची भीती नव्हती. त्याने एक ग्लास घेतला आणि तो हातात घेऊन मुद्दाम गल्लीभर फिरून आला. मग खिडक्या उघडल्या. मग दारं. डोकी दुखायची थांबली, धरलेले गुडघे सुटले. माणसं प्रेमाने आली असं मी म्हणणार नाही. वासाने आली. पण आली, खुर्च्यांवर बसली, खुर्च्या संपल्यावर ओट्यावर बसली, आणि घाटकोपरच्या माणसांना 'बसा की, सरका की' करत त्यांच्यात मिसळली. बर्थाने एक ग्लास स्वतः घेतला तेव्हा कुठे तिला कळलं की ती पबातल्या बियरसारखी झालेली नाही. त्याहून बरी झालीय. निदान तिचं तसं मत आहे, आणि तिच्याशी वाद घालायला कुणी गेलेलं नाही.

बाटल्या उघडायचं काम बर्थाकडे होतं. ग्लासांचं सुंदराबाईकडे; ग्लास कुणी नीट धूत नाही, यावर तिचा ठाम विश्वास होता. ती प्रत्येक ग्लास स्वच्छ कापडाने पुसायची, उजेडात धरून बघायची, मगच पुढे करायची.

पावणेपाचला अर्बन आला. कोट घालून. मागे एव्हलिन. आपल्यावाचून मांडव ओस पडला असेल, शेवटी आपण जाऊ, भाचीच्या डोक्यावर हात ठेवू, आणि मग माणसं निघतील, अशा हिशोबाने तो घरून निघाला असावा. मांडवात पाय ठेवल्यावर त्याला बसायला खुर्ची मिळेना. अर्बन टेबलापाशी आला, बाटली उचलून बघितली, वास घेतला. त्याचं नाक खोटं बोलणाऱ्यातलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलंच.

"गढूळ आहे," तो म्हणाला. "बरं. दे एक."

बर्थाने बाटली उघडली. ग्लास सुंदराबाईने भरून घेतला, खालून पुसला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या."

अर्बनने त्या हाताकडे बघितलं. मग बहिणीकडे. स्वतःचा हात त्याने खिशात घातला. "बर्था, तू दे ना."

हळूच म्हणाला तो. पण बँड तेव्हा नेमका थांबला होता, आणि मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. ऑक्टोबरात वर्तमानपत्रामागे जे लपलं होतं ते आता सगळ्यांसमोर उघडं उभं होतं. प्रबुद्ध पुढे यायला निघाला, तर शॅरनने त्याचा दंड धरला. सुंदराबाईचा हात मात्र होता तिथेच होता. फेस ओघळून तिच्या बोटांवरून खाली ठिबकत होता.

"मी का?" बर्था म्हणाली. एकतीस वर्षं कमावलेला आवाज तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तिला हात नाहीत? या साठ बाटल्या त्या हातांनी धुतल्यात, अर्बन. इथे बसलेला प्रत्येक जण त्याच हातून प्यायलाय. आज या घरात ग्लास मिळेल तो तिच्याच हातून. हवा तर घे. नको असेल तर रस्ता तुला ठाऊक आहे."

अर्बन आयुष्यभर दुसऱ्यांना पेले देत आला होता. घ्यायची वेळ त्याच्यावर अशी कधी आली नव्हती. तो वळला.

"एव्हलिन, चल. घरी जाऊ."

एव्हलिन चालायला लागली. सगळ्यांना वाटलं, ती नेहमीसारखी त्याच्या मागे जाणार. ती त्याच्या बाजूने पुढे गेली, टेबलापाशी आली, आणि सुंदराबाईच्या हातातला तो ग्लास तिने दोन्ही हातांनी घेतला. तिथेच उभी राहून, डोळे मिटून, मध्ये न थांबता तिने तो संपवला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावाचा टोप घासलेली ती बाई. तिने पदराने तोंड पुसलं.

"एव्हलिन," अर्बन पुन्हा म्हणाला. या वेळी आवाजात जोर नव्हता.

"भात झाकून ठेवलाय," ती म्हणाली. "कालवण गरम करून घे. मला पाण्याला जायचंय."

आणि तिने रिकामा ग्लास पुन्हा सुंदराबाईपुढे धरला.